ईडियम्सच्या याद्या पाठ करताय? थोडं थांबा

सांगलीच्या विश्रामबागेत मी स्पोकन इंग्लिशच्या बॅच घेतो. येणारी पोरं बहुतेक ग्रॅज्युएट, आणि जवळपास प्रत्येकाच्या वहीत ईडियम्सची, म्हणजे इंग्रजी वाक्प्रचारांची, लांबलचक यादी असतेच, एमपीएससीसाठी नाहीतर बँकेच्या परीक्षेसाठी पाठ केलेली. परीक्षेपुरतं ठीकाय, मार्क पडतात. पण बोलायची वेळ आली की ती यादी घात करते, कारण तिच्यात नुसता अर्थ असतो, ते कोण बोलतं, कुणासमोर बोलतं आणि आता कुणी बोलतं तरी का, यातलं काहीच नसतं.

सगळ्यात डेंजर म्हणजे 'किक द बकेट'. यादीत समोर लिहिलेलं असतं 'मरणे', बास. आता एका पोरानं सरावाला दिलेल्या शोकसंदेशाच्या मेलमध्ये हेच लिहून आणलं, मॅनेजरच्या वडिलांसाठी. अर्थ बरोबरच होता की, पण आपण कुणाच्या दारात भेटायला जाऊन 'तुमचे वडील गचकले' म्हणू का? 'किक द बकेट' तसंच आहे, टवाळकीतलं. तिथं 'पास्ड अवे' लिहायचं, दुसरं काही नाही. 'अंडर द वेदर'चंही तसंच, सर्दी, कणकण, अंग जड वाटतंय एवढ्यापुरतं ते बरं, मिरजेला आयसीयूत ठेवलेल्या माणसाबद्दल नाही म्हणायचं.

'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स', म्हणजे धो धो पाऊस, तर प्रत्येक यादीत पहिल्या पानावर. आजकाल इंग्रज माणूस सहसा 'इट्स पोअरिंग' म्हणून मोकळा होतो, तेच शिका. आणि पूर्वी गवताच्या छपरावर झोपलेली कुत्री-मांजरं पावसात घसरून खाली पडायची म्हणून हे आलं, ही जी गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते ना, ती खोटी आहे, प्लीज पुढं पाठवू नका.

आता कामाचं सांगतो. आपली बरीच पोरं घरी बसून नाहीतर पुण्याला राहून अमेरिकन क्लायंटशी बोलतात, आणि ती माणसं बेसबॉलच्या भाषेत बोलतात हे यादीत कुठंच नसतं. 'लेट्स टच बेस ऑन मंडे' म्हणजे सोमवारी जरा बोलून घेऊ. 'बॉलपार्क फिगर' म्हणजे ढोबळ आकडा. माझ्या एका विद्यार्थ्याला क्लायंटनं हेच मागितलं तर हा बिचारा रात्रभर एक्सेल घेऊन बसला, पैशापर्यंत हिशोब काढला, आणि समोरच्याला फक्त दहा लाख का वीस लाख एवढंच पाहिजे होतं! 'रेन चेक' पण असंच, आता पावसाशी काही संबंध राहिलेला नाही. पावसानं मॅच बंद पडली की प्रेक्षकांना दुसऱ्या दिवसाच्या मॅचला यायची चिठ्ठी मिळायची, त्यावरून 'आय विल टेक अ रेन चेक' म्हणजे आज नको, परत कधीतरी. बऱ्याचदा तो गोड शब्दातला नकारच असतो, म्हणून मागं लागू नका.

मी सुरुवात मात्र क्रिकेटपासून करतो. विजय हजारेंचा जन्म सांगलीतला, 1915 चा, आणि 1952 साली मद्रासला इंग्लंडला हरवून भारतानं पहिली टेस्ट जिंकली तेव्हा कॅप्टन तेच होते. त्या काळी मॅच चालू असताना पिच झाकायची पद्धत सगळीकडं नव्हती, पाऊस पडून गेला आणि वर ऊन आलं की वाळत्या पिचवर बॉल कधी उसळायचा तर कधी थांबून यायचा, बॅट्समनचे हाल. हीच 'स्टिकी विकेट', म्हणजे अवघड जागी सापडणं. हे एकदा असं समजलं की पाठ करायची गरजच राहत नाही. 'ऑन द बॅक फूट' तर आपण मराठीतच रोज बोलतो. फक्त हे ब्रिटिश नाहीतर ऑस्ट्रेलियन माणसापुढं वापरा, अमेरिकन माणसाला 'स्टिकी विकेट' बहुधा कळणार नाही.

'ब्रेक अ लेग' नाटकातलं, शब्दशः 'पाय मोड', पण म्हणायचं असतं 'ऑल द बेस्ट'. 1843 ला विष्णुदास भाव्यांनी इथंच सीतास्वयंवर केलं, त्यामुळं सांगलीच्या पोरांना हे स्टेजच्या मागं उभं राहून म्हणायला खूप आवडतं, आणि म्हणा की. हल्ली इंटरव्ह्यूला निघालेल्याला पण म्हणतात. पण गुडघ्याच्या ऑपरेशनला निघालेल्या काकांना नको.

एक शेवटचं, कारण यात नोकरीवाल्यांची खरंच गडबड होते. मीटिंगमध्ये 'लेट्स टेबल इट' ऐकलं तर आधी बोलणारा कुठला ते बघा. ब्रिटिश असेल तर विषय आत्ता चर्चेला घ्या, अमेरिकन असेल तर बाजूला ठेवा, अगदी उलटं. दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांची यावरून मोठी वादावादी झाली होती, चर्चिलनी लिहून ठेवलंय. तेव्हा शंका आली की सरळ विचारायचं, 'नाऊ ऑर लेटर?'