कॉर्व्हॅलिसचे काय चुकले?

अमेरिकेतील ऑरेगन राज्यातल्या कॉर्व्हॅलिस या छोट्याशा विद्यापीठ-गावात मी काही वर्षे राहिलो असल्यामुळे ४ ऑगस्ट २०२३ चा शुक्रवार माझ्या मनातून जात नाही. त्या एका दिवसात पॅक-१२ ही कॉन्फरन्स, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, सोडून ऑरेगन आणि वॉशिंग्टन ही विद्यापीठे बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये, तर ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा ही बिग ट्वेल्व्हमध्ये जाणार असल्याचे जाहीर झाले. कॉलोराडोने आठवडाभर आधीच निरोप घेतला होता. सप्टेंबर उजाडताच स्टॅनफर्ड आणि बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ थेट अटलांटिक किनाऱ्यावरच्या एसीसी या कॉन्फरन्समध्ये सामील झाले आणि १९१५ पासूनची परंपरा सांगणाऱ्या पॅक-१२ मध्ये दोनच विद्यापीठे मागे राहिली: कॉर्व्हॅलिसचे ऑरेगन स्टेट आणि पुलमनचे वॉशिंग्टन स्टेट.

मैदानावर ऑरेगन स्टेटचे काहीही चुकले नव्हते. आदल्याच हंगामात अमेरिकन फुटबॉलच्या संघाने दहा सामने जिंकले होते आणि लास वेगासच्या बोल सामन्यात, म्हणजे हंगामाअखेर निवडक संघांना मिळणाऱ्या सामन्यात, फ्लोरिडाला ३०-३ असे हरवले होते. सुमारे १६ कोटी डॉलर खर्चून रेसर स्टेडियमची एक संपूर्ण बाजू नव्याने उभारली होती, आणि तिचे दरवाजे नेमके त्याच हंगामात उघडायचे होते. मग असा संघ मागे कसा राहिला, हे समजून घ्यायचे तर खेळाच्या इतिहासापेक्षा दूरचित्रवाणीच्या करारांचा इतिहास वाचावा लागतो, असे माझे मत झाले आहे.

कॉन्फरन्स म्हणजे मुळात शेजाऱ्यांची सोय होती. बस किंवा रेल्वेने जाता येईल एवढ्या अंतरावरच्या विद्यापीठांनी एकत्र येऊन वेळापत्रक आणि नियम ठरवायचे आणि दरवर्षी त्याच प्रतिस्पर्ध्यांशी खेळायचे, एवढाच तिचा अर्थ होता. प्रक्षेपणाचे हक्क तिच्या हाती नव्हते; ते एनसीएए ही राष्ट्रीय संघटना सांभाळत असे आणि एका संघाने किती वेळा पडद्यावर दिसावे यावरही तिचा अंकुश असे. शेवटच्या योजनेत दोन हंगामांत मिळून सहापेक्षा जास्त वेळा कोणत्याही संघाचे प्रक्षेपण करता येत नव्हते. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी एनसीएएची ही मक्तेदारी मोडीत काढली. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः कॉलोराडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू होते, आणि महाविद्यालयीन खेळाला व्यावसायिकतेपासून दूर ठेवणारा बांध यामुळे फुटेल, अशी चिंता त्यांनी व्यक्त केली होती. ते मत आज वाचताना मला दरवेळी थांबावेसे वाटते.

त्या निकालानंतर हक्क विद्यापीठांकडे आले आणि विद्यापीठांनी ते कॉन्फरन्सच्या नावाने एकत्र विकायला सुरुवात केली. त्या क्षणापासून कॉन्फरन्स ही शेजाऱ्यांची सोय राहिली नाही, ती विकायची मोळी झाली. आणि मोळी म्हटली की कोणते लाकूड घ्यायचे आणि कोणते टाकायचे, हे घेणारा ठरवू लागतो. प्रारंभीच्या काळात घेणाऱ्याची नजर लोकसंख्येवर होती. बिग टेनने २००७ मध्ये स्वतःची वाहिनी सुरू केली. केबलच्या व्यवस्थेत वाहिनी कोणी पाहो वा न पाहो, प्रत्येक जोडणीमागे दरमहा ठरावीक रक्कम वाहिनीला मिळते, आणि कॉन्फरन्सचा सदस्य ज्या राज्यात आहे तिथे हा दर बराच जास्त मागता येतो. न्यू जर्सीचे रटगर्स आणि मेरीलँड या विद्यापीठांना २०१४ मध्ये बिग टेनमध्ये घेण्यामागे फुटबॉलमधल्या पराक्रमापेक्षा न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन डीसी परिसरातील लक्षावधी केबल जोडण्यांचे गणित होते.

पुढे लोक केबल सोडू लागले आणि ते गणितच बदलले. आता घरांची संख्या नव्हे, तर शनिवारी प्रत्यक्ष सामना पाहणाऱ्यांची संख्या महत्त्वाची ठरली, आणि तो प्रेक्षक काही मोजक्या नामवंत संघांभोवतीच गोळा होतो. म्हणून टेक्सस आणि ओक्लाहोमा यांनी २०२१ मध्ये एसईसी या दक्षिणेकडच्या कॉन्फरन्सकडे जाण्याचे ठरवले. जून २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या विद्यापीठांनी बिग टेनचा रस्ता धरला, आणि दोनच महिन्यांत बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्यांशी सात वर्षांचा, एकूण सात अब्ज डॉलरहून मोठा करार जाहीर केला. कॉर्व्हॅलिसपाशी मोठे शहरही नव्हते आणि देशभर पसरलेला प्रेक्षकही नव्हता. दोन्ही मोजपट्ट्यांवर ते उणेच ठरणार होते.

तरीही पॅक-१२ वाचू शकले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. २०१२ मध्ये सुरू केलेली त्यांची वाहिनी कोणत्याही भागीदाराविना संपूर्णपणे स्वतःच्या मालकीची होती. कागदावर ही अभिमानाची गोष्ट दिसे. परंतु मोठ्या प्रसारण कंपनीचे पाठबळ नसल्याने डायरेक्टव्हीसारख्या उपग्रह सेवेने ती कधीच घेतली नाही. २०२२ मध्ये ईएसपीएन या क्रीडा वाहिनीने प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे ३ कोटी डॉलरचा प्रस्ताव ठेवला आणि विद्यापीठांनी ५ कोटींची अपेक्षा धरली, असे तेव्हाच्या वृत्तांत आले होते. दरम्यान बिग ट्वेल्व्हने ऑक्टोबरमध्येच ईएसपीएन आणि फॉक्स यांच्याशी कराराची मुदत वाढवून घेतली, आणि वाहिन्यांचा तेवढा पैसा आणि प्रक्षेपणाच्या तेवढ्या वेळा त्यांच्या पदरात पडल्या. शेवटी पॅक-१२ समोर ॲपलचा ऑनलाइन प्रक्षेपणाचा प्रस्ताव राहिला, ज्यात हमीची रक्कम कमी होती आणि वर्गणीदार वाढले तरच ती वाढणार होती. विद्यापीठांच्या अध्यक्षांना अनिश्चित मोठ्या रकमेपेक्षा निश्चित रक्कम हवी होती. ऑरेगन आणि वॉशिंग्टन यांनी तर बिग टेनमध्ये बाकीच्या सदस्यांच्या जवळपास निम्म्या वाट्यावर जाणे पत्करले. त्याच वॉशिंग्टनचा संघ त्या अखेरच्या हंगामात राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला.

पैशाची ही ओढ समजण्यासारखी आहे, आणि ती आता आणखी वाढणार आहे. जून २०२५ मध्ये मान्य झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार विद्यापीठे आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, आणि २०२५-२६ साठी त्याची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. खेळाडूंना त्यांच्या श्रमाचा मोबदला मिळावा, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु करार फुटबॉलच्या नावाने होतात आणि प्रवास सगळ्यांच्या वाट्याला येतो. लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीपर्यंत तीन कालविभाग ओलांडून व्हॉलीबॉलचा सामना खेळायचा आणि परतून वर्गात बसायचे, हा भार ज्या मुलींवर पडतो त्यांच्या सामन्यांसाठी कोणतीही वाहिनी अब्जावधी मोजत नाही.

ऑरेगन आणि ऑरेगन स्टेट १८९४ पासून एकमेकांशी खेळत आले आहेत. ऑरेगन विद्यापीठाचे गाव युजीन आणि कॉर्व्हॅलिस यांच्यात मोटारीने तासाभराचेही अंतर नाही. पिढ्यान्‌पिढ्या हंगामाच्या अखेरीस, नोव्हेंबरच्या गारठ्यात होणारा हा सामना २०२४ मध्ये सप्टेंबरच्या मध्यावर उरकावा लागला, कारण हंगामाची अखेर आता दोघांच्याही वेगवेगळ्या बांधिलक्यांनी भरलेली असते. मागे राहिलेल्या दोन्ही विद्यापीठांनी न्यायालयात जाऊन पॅक-१२ चा कारभार आणि निधी आपल्या ताब्यात ठेवला, आणि बॉइझी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट यांच्यासारख्या संघांना सोबत घेऊन जुलै २०२६ पासून नव्या पॅक-१२ ची मांडणी केली. त्या दोघांची चिकाटी मला मनापासून भावते.

यानंतरच्या हालचालींसाठी मी एसीसीकडे पाहतो आहे. तिथल्या विद्यापीठांनी २०३६ पर्यंतचे प्रक्षेपण हक्क कॉन्फरन्सला लिहून दिले होते. त्या दस्तऐवजाला आव्हान देत फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन न्यायालयात गेले, आणि मार्च २०२५ मध्ये झालेल्या समझोत्यात बाहेर पडण्याचा दंड दरवर्षी उतरत जाऊन २०३०-३१ मध्ये साडेसात कोटी डॉलरवर येईल असे ठरले. बिग टेनचा सध्याचा करार २०२९-३० च्या हंगामासोबत संपतो आणि बिग ट्वेल्व्हचा त्यापुढच्या वर्षी. या तीन तारखा इतक्या जवळ आल्या आहेत, हे तिथल्या प्रत्येक क्रीडा संचालकाला ठाऊक आहे.