तारखांच्या वहीतलं एक पान

स्मरणिकेसाठी लेख मागणारं शाळेचं पत्र आलं, तेव्हा मी एका शिवारात मोजणीच्या कामावर होते. पाकिटावरचा शिक्का बघितला आणि बांधावरच बसून पत्र वाचलं. शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त ‘शाळेविषयी लिहा’ असं त्यात म्हटलं आहे. पण शाळा म्हटलं की माझ्यासमोर इतिहासाचे सरच उभे राहतात. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. आपल्या पिढीला त्यांचं नाव सांगायची गरज नाही. आपण सगळे त्यांना ‘तारीखसर’ म्हणायचो आणि ते त्यांना ठाऊक होतं.

व्हरांड्यातल्या फळ्यावर सुविचार कुणीही लिहायचं, दिनविशेष मात्र सरांच्या देखरेखीखाली. त्यासाठी त्यांनी आडत दुकानात असते तशी लाल कापडी बांधणीची जाड खतावणी केली होती. ३६६ पानं, एका तारखेला एक पान. वर निळ्या शाईत महाराष्ट्रातली घटना, खाली मोकळी जागा आणि तिच्या डोक्यावर दोनच शब्द: ‘आपल्या घरी’. त्या दिवशी आपल्या घरात, आपल्या गावात काय चाललं होतं ते घरी विचारून यायचं आणि सरांना पटलं तर त्या जागेत लिहायचं.

१२ जुलै १९६१ या पानावर वर होतं: पानशेत धरण फुटलं, पुण्यात पूर. खाली एका मुलानं लिहिलं होतं की त्याचे चुलते पुण्यात खानावळीत कामाला होते आणि पाणी चढलं तेव्हा मालकाची पोरं पाठीवर घेऊन गच्चीवर गेले. २१ नोव्हेंबर १९५५, फ्लोरा फाउंटनचा गोळीबार, या पानाखाली कित्येक वर्षं कुणीच काही लिहू शकलं नाही. संयुक्त महाराष्ट्रासाठी १०६ माणसांनी जीव दिला, पण आमच्या घरांतून मुंबईला गेलेलं माणूस सापडेना. सरांनी ती जागा तशीच ठेवली. १ नोव्हेंबर १९५६ चं पान मात्र गच्च भरलेलं. त्या दिवशी मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १ मे १९६० ला मंगलकलश आला त्याच्या साडेतीन वर्षं आधी आपला कारभार मुंबईला जोडला गेला होता, हे मला पाठ्यपुस्तकानं नव्हे, त्या पानानं शिकवलं. २९ फेब्रुवारीचं पान लिहायचा मान मला १९९२ साली मिळाला. शनिवारची सकाळची शाळा होती. ‘हे पान चार वर्षांनी उघडतं, अक्षर नीट काढ,’ सर म्हणाले. मी लिहिलं: मोरारजी देसाई यांचा जन्म, १८९६. सरांनी बाजूला बाण काढून ‘२१ नोव्हेंबर पाहा’ असं जोडलं, कारण गोळीबाराच्या वेळी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री तेच होते.

पण मला सांगायचं आहे ते त्याच वर्षीच्या ऑगस्टमधलं. मी नववीत होते. १४ तारखेला संध्याकाळी उद्याचा फळा लिहायला मला थांबवलं होतं. मी रंगीत खडूनं लिहिलं: ‘१५ ऑगस्ट १९४७. भारत स्वतंत्र झाला. आपलं गाव पारतंत्र्यातून मुक्त झालं.’ सर बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले. पुसलं नाही. म्हणाले, ‘घरी आजीला विचार. उद्या झेंडावंदनाच्या आधी मला सांग.’

आजी चुलीपुढं भाकरी थापत होती. ‘कशाचं सवतंत्र गं,’ ती म्हणाली. ‘त्या साली चावडीवर निजामाचाच झेंडा व्हता. पुढल्या साली निजामाच्या बाजूच्या रझाकार टोळ्यांच्या भ्यावानं रातोरात हद्दीपल्याड बार्शीला पळालाव. तुझा बाप पोटात व्हता. पोलीस ॲक्शन झाल्यावर माघारी आलाव, तवा गणपती बसले व्हते.’ तारीख तिला सांगता येईना. सरांनी ती दुसऱ्या दिवशी लावून दिली. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून भारताची फौज नळदुर्गावर आली आणि १७ ला निजामानं शरणागती पत्करली. म्हणजे माझ्या आजीच्या घरी स्वातंत्र्य तेरा महिने उशिरा पोचलं होतं. माझी ओळ सरांनी १७ सप्टेंबरच्या पानावर लिहायला लावली.

ती ओळ लिहिताना माझ्या बाकावरची मैत्रीण गप्प होती. मधल्या सुट्टीत ती म्हणाली, ‘आमच्या घरात पोलीस ॲक्शनचं नाव काढत नाहीत.’ तिचे आजोबा शिंपीकाम करायचे. रझाकारांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, तरी त्या दिवसांत त्यांना मारून टाकलं होतं. मी हे सरांना सांगितलं. सरांनी तिला वर्गात काही विचारलं नाही. शाळा सुटल्यावर एवढंच म्हणाले, ‘दादीला विचार, मी घरी आलो तर चालेल का?’ ते वही न घेता गेले आणि दिवेलागणीपर्यंत बसले. आठवड्यानं माझ्या ओळीखाली त्यांच्याच अक्षरात चार ओळी आल्या, दादी सांगेल तशा, दादीची परवानगी घेऊन. मधे त्यांनी रेघसुद्धा ओढली नाही. गावात यावर थोडी कुजबुज झाली, शाळेत कुणीतरी येऊन बोलूनही गेलं. सरांनी पान बदललं नाही.

पुढं कित्येक वर्षांनी मी पंडित सुंदरलाल समितीबद्दल वाचलं. पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांवर झालेल्या अत्याचारांची पाहणी करायला केंद्र सरकारनं ती पाठवली होती. त्या दिवसांची सर्वात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपला उस्मानाबाद होता. सरांकडे तो अहवाल असणं शक्यच नव्हतं. ते एका घरी जाऊन बसले होते, एवढंच.

मैत्रिणीच्या वडिलांनी नंतर मला उर्दूचं अलिफ बे शिकवलं. आज मी भूमी अभिलेख खात्यात उपअधीक्षक आहे आणि जुन्या दप्तरातलं उर्दू मला वाचता येतं, याचा मला अभिमान आहे. निजामकालीन कागदावर १३५७ हे फसली साल दिसलं की ५९० मिळवून मी १९४७ काढते, आणि मग आपोआप विचारते की त्या साली या शेताचा मालक कुठं असेल, घरी की बार्शीच्या वाटेवर. अलीकडे जुन्या नोंदींसाठी कार्यालयात रांगा लागतात. लोक पणजोबाचं नाव शोधत येतात. नाव सापडल्यावर मी त्यांना एखादी जास्तीची गोष्ट विचारते, तेव्हा माझे सहकारी घड्याळ बघतात.

परवा शाळेत येऊन गेले. व्हरांड्यातला फळा आता नाही, तिथं छापील फलक लावला आहे. दिनविशेष सगळ्यांच्या मोबाईलवर येतो, एका ओळीचा, फुलांच्या चित्रासकट. १७ सप्टेंबर त्यात असतो, पण त्याच्याखाली जागा नसते. वहीबद्दल विचारलं, तर ती कुठं आहे हे कुणाला सांगता आलं नाही. प्रयोगशाळेतल्या लोखंडी कपाटात मी ती शेवटची पाहिली होती. महोत्सव समितीनं तेवढं कपाट उघडून बघावं, ही माझी हात जोडून विनंती आहे.

त्या वहीत एक पान कोरं आहे, आणि ते माझ्यामुळं. मी दहावीत असताना किल्लारीचा भूकंप झाला. तोवर आमच्यासाठी भूकंप म्हणजे ११ डिसेंबर १९६७ चं कोयनेचं पान. आपल्याकडं कठीण खडक, इथं काही होत नाही, असं सगळेच म्हणायचे. आदल्या वर्षी किल्लारीच्या बाजूला जमिनीतून आवाज येत होते, तरीही म्हणायचे. माझ्या मामाचं गाव तेरणेच्या काठी. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर सरांनी मला बोलावलं आणि वहीच्याच मापाचा एक कागद दिला. वर काही लिहिलेलं नव्हतं, खाली फक्त ‘आपल्या घरी’. म्हणाले, ‘घाई नाही. लिहिशील तेव्हा आणून दे.’

तो कागद माझ्या दहावीच्या सनदेसोबत आहे. सरांना जाऊन नऊ वर्षं झाली. बायकोला घेऊन एकदा ते माझ्याकडे जेवायला आले होते, तेव्हाही त्यांनी कागदाची चौकशी केली नाही. आता लिहिला आहे. वही सापडली, तर कृपा करून त्यात चिकटवावा.

३० सप्टेंबर १९९३, गुरुवार. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारीचा भूकंप. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे १०,००० माणसं गेली.

आपल्या घरी: मामाचं घर माळवदाचं होतं, भिंती दोन हात रुंद. आत मामी, आजी आणि तीन लेकरं झोपली होती. मामा गणपती पोचवून उशिरा आला आणि मंडळाच्या पोरांसोबत बाहेर पारावरच पडला. धाकटीला बाहेर झोपायचं होतं. थंडी वाजेल म्हणून त्यानंच तिला उचलून आत नेऊन ठेवलं होतं.