सीमेवरची बोर

देहूतून पालखी बाहेर पडली की पहिली अभंग-आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते. आमच्या दिंडीतले चाचा तिथूनच चालायला लागतात. आयुष्यभर त्यांनी शाळेत उर्दू शिकवली, फारसी स्वतः वाचून कमावली. दिंडीत सगळेच एकमेकांना माउली म्हणतात, पण ते आमच्याच आळीतले, म्हणून माझे चाचाच.

वरवंड सोडलं आणि रोटी घाटात माझ्या डाव्या टाचेचा फोड सोसवेना. चाचांनी मला रस्त्याकडेच्या बोरीखाली बसवलं, सुईत दोरा ओवला, फोडातून आरपार काढला आणि दोरा तसाच आत ठेवला. पाणी हळूहळू निथळतं, कातडं सुटत नाही. मी दात आवळून बसले होते. माझं लक्ष वळावं म्हणून त्यांनी एक डहाळी खाली ओढली. पान वरून हिरवंगार, उलटलं की पांढुरकं, लवदार. देठाशी काट्यांची जोडी, एक सरळ, एक आकड्यासारखा वळलेला.

"आस्मानाच्या शेवटच्या हद्दीवर हेच झाड आहे, बेटा."

मग त्यांनी मेराज सांगितली. पैगंबरसाहेब एका रात्रीत बुराक नावाच्या स्वर्गातल्या वाहनावर बसून मक्केहून जेरुसलेमला गेले, तिथून जिब्रील या देवदूताबरोबर सात आस्मानं चढले. वर 'सिद्रतुल मुंतहा', म्हणजे सीमेवरची बोर. कुराणाच्या ५३व्या सूरेत, म्हणजे अध्यायात, तिचं नाव येतं. तिथे जिब्रील थांबला. आणखी पुढे आलो तर माझे पंख जळतील, म्हणाला. पुढे पैगंबर एकटे गेले.

"सूफी कवी रूमी म्हणतात, हा जिब्रील म्हणजे आपली अक्कल. ती बोरीपर्यंत नेते. तिथून पुढे इश्क."

मी विचारलं, "पण चाचा, देहानं गेले की नुसता जीव गेला?" तुकोबांच्या वैकुंठगमनाबद्दल आपल्याकडे हेच विचारतात, म्हणून तोंडात आलं.

"बहुतेक उलेमा, म्हणजे धर्मपंडित, सदेहच मानतात. सूफींनीही ते नाकारलं नाही. त्यांना ओढ निराळीच, ती वाट माझ्यातून कुठून जाते?" स्पेनात ११६५ साली जन्मलेले सूफी इब्न अरबी, त्यांनी आपल्या रूहानी, म्हणजे आत्मिक, चढणीबद्दल लिहून ठेवलंय की हा प्रवास माझ्यातच झाला. पण नवी शरीयत, म्हणजे धर्माचा कायदा, आणणं फक्त पैगंबरांचं, हेही ते विसरले नाहीत. हे मला फार मोलाचं वाटलं. एवढं मिळाल्यावरही आपली पायरी ओळखून राहणं.

चाचांनी काडीनं मातीत एक वर्तुळ काढलं, मधून आडवी रेघ ओढली. कुराणात त्या जवळिकीचं माप दिलंय, 'दोन धनुष्यांइतकं, किंवा त्याहूनही जवळ'. इब्न अरबींच्या परंपरेत ही दोन धनुष्यं म्हणजे एकाच वर्तुळाचे दोन कमानदार भाग, एक अल्लाहचा, एक आपला. मधली रेघ मनानं मानलेली. 'त्याहूनही जवळ' म्हणताना त्यांनी अंगठ्यानं ती रेघ पुसली. पुढे बेलवडीच्या रिंगणात घोडा धावला, सगळ्यांनी टापांखालची माती कपाळाला लावली. मला ते घाटातलं वर्तुळ दिसत राहिलं.

अकलूज ओलांडल्यावर एका संध्याकाळी मी म्हणाले, तिथवर पोचून माणूस परत कसा येईल? ते हसले. १५३७ साली वारलेले चिश्ती सूफी अब्दुल कुद्दूस गंगोही अगदी तेच म्हणाले होते, मी पोचलो असतो तर परत फिरलो नसतो. पैगंबर फिरले. नमाज घेऊन आले. आधी पन्नास वेळची होती. उतरताना आधीच्या काळातले पैगंबर मूसा भेटले. लोकांना झेपायची नाही, कमी करून आण, म्हणाले. असं करत करत पाचवर आली.

"मूसांनी पुन्हापुन्हा वर का पाठवलं?" चाचा म्हणाले. "त्यांनी पहाडावर दर्शन मागितलं होतं, मिळालं नव्हतं. सूफी म्हणतात, ज्यानं पाहिलं त्याचा चेहरा तरी पुन्हापुन्हा दिसावा, म्हणून."

पंढरीत मुखदर्शनाची रांग धरली. दिसलं ते क्षणभर.

घरी आले तेव्हा आई दारातच खुर्चीवर बसली होती. बावीस वाऱ्या चालली ती. आता गुडघे गेलेत. ती वाकून माझ्या पायांना हात लावायला लागली. मी पाय मागे घेतले, "अगं आई, काय करतेस?"

तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"हलू नकोस. बघू दे."