आमची वाटचाल आणि चौदा नंबरचा वाकडा पाना

जुन्या गाड्यांत राहण्या-झोपण्याची सोय करून देणारे आमचे गॅरेज कोल्हापुरात जयंती नाल्याच्या काठी आहे, एवढे सांगितले की जुन्या कोल्हापूरकराला पुढची अर्धी हकिगत न सांगता समजते. आयटीआयचा डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर उद्यमनगरातील एका डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडची चार वर्षांची उमेदवारी संपवून मी १९९६ साली ही शेड भाड्याने घेतली. पहिली तेरा वर्षे दुधाच्या, भाजीपाल्याच्या आणि शाळांच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेली. त्या वर्षांत भाडे वेळेवर दिले, मुलांची शिक्षणे झाली आणि लिहिण्यासारखे काही घडले नाही.

त्या काळातील ट्रॅक्स असो वा टेम्पो ट्रॅव्हलर, पोटात मर्सिडीजच्या घराण्यातले ६१६ इंजिन असायचे. या इंजिनाचे टॅपेट (व्हॉल्व्हपाशी ठेवायची ठरावीक फट) ज्यांनी स्वतः बसवले आहेत, त्यांना ठाऊक आहे की व्हॉल्व्हच्या दांड्यावर एक टोपीचा नट आणि त्याखाली लॉकनट, दोन्ही चौदाचे. एक धरून दुसरा फिरवावा लागतो आणि सरळ पाना तेथे नीट शिरत नाही. मी दोन साधे चौदाचे पाने लोहाराच्या भट्टीत तापवून, मान वाकवून, कानशीने कडा मारून त्यासाठी तयार केले होते. पहिल्या खेपेस एकाची मान जास्त वाकली आणि तो वाया गेला, म्हणजे खरे तर तीन पाने लागले. थंड इंजिनावर इनलेटला ०.१० आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर अशी फट ठेवताना फट मोजायच्या फिलर गेजचे पाते हलके ओढत यावे, अडकू नये आणि सटकूही नये, हे बोटांना कळायला मला दोन वर्षे लागली. हल्लीची कॉम्प्युटरवर चालणारी कॉमन रेल इंजिने स्कॅनर लावून बोलती करता येतात, आणि स्कॅनर आमच्याकडेही आहे. पण कान आणि बोटे यांचा अभ्यास सुटला तो सुटलाच.

कॅम्पिंगच्या गाड्या आम्ही ठरवून सुरू केल्या नाहीत. २००९ साली वनस्पतिशास्त्राच्या एक प्राध्यापिका, ज्यांना आम्ही आजही ‘बाई’ म्हणतो, निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली शाळेची एक जुनी ट्रॅव्हलर घेऊन आल्या. इंजिन धूर ओकत होते, पत्रा खालून कुजला होता आणि सकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरी दमायची. आंबोली, राधानगरी आणि तिलारीच्या बाजूच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, पावसाळ्यात उगवणाऱ्या वनस्पतींची नोंद करण्यासाठी त्यांना आठ-आठ दिवस बाहेर राहायचे होते. त्यांची मागणी मला शब्दशः आठवते : “मिस्त्री, मला पळणारी गाडी नको. रस्ता संपतो त्याच्या पुढे एक मैल जाऊन मुकाट उभी राहील अशी हवी.”

लायनर, पिस्टन, रिंगा बदलल्या, हेड फेसिंग करून आणले, पंपाचे एलिमेंट नवे घातले, नोझल तपासून घेतले आणि हीटर प्लग चारही बदलले. हे सारे नेहमीचे काम होते. खरी अडचण पुढे आली. ही गाडी मागच्या चाकांवर चालणारी, फोर बाय फोर नव्हे. तिला दगडधोंड्यांतून नेण्याचा अट्टहास धरला तर ती कंबर मोडून घेणार. म्हणून आम्ही तिला उंच करण्याऐवजी हलकी आणि समतोल करायचे ठरवले. पलंगाखालचा सारा भाग मोकळा ठेवून शंभर लिटरची पाण्याची टाकी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध जमिनीलगत बसवली, कारण शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि तेवढे वजन मागच्या दाराशी ठेवले की चढावर पुढचे टोक हलके होते. थकलेल्या पाट्यांत (गाडीचे वजन तोलणाऱ्या कमानदार पोलादी पट्ट्यांत) जादा पाटा घालणे सोपे असते, पण त्याने गाडी ताठ होते आणि खड्ड्यात चाक खाली उतरेनासे होते. आम्ही पाटे उतरवून पुन्हा कमान देऊन घेतली. संप, म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी, आणि डिझेलच्या टाकीखाली जाड पत्र्याचे कवच लावले. मग बाई, त्यांचे पाणी, पुस्तके, गॅस आणि वनस्पती दाबण्याच्या लाकडी चौकटी यांसह गाडी उसाच्या वजनकाट्यावर नेऊन आधी पुढची आणि मग मागची चाके वेगळी तोलली. काटेवाला हसला होता. परंतु गाडी तयार करणाऱ्या प्रत्येकाने हे करावे, असे माझे आजही मत आहे. काटा पाहिल्याशिवाय जो पाट्यांविषयी बोलतो त्याचे ऐकू नये.

या कामात माझ्यासोबत जो होता, त्याचे नाव मी येथे घेणार नाही. २००४ मध्ये तो हेल्पर म्हणून आला. हात चांगला, जीभ त्याहून चांगली. २०११ मध्ये मी त्याला भागीदार केले, तेही तोंडी, कारण आपल्या माणसाशी स्टँपपेपरवर बोलायचे असते हे मला कोणी शिकवले नव्हते. (ज्यांना भागीदारी करायची आहे त्यांनी करारपत्र करावेच, आणि त्याला हत्यारांची यादी जोडावी, पान्याच्या नंबरासकट.) २०१७ मध्ये तो बाहेर पडला आणि हायवेकडे काचेच्या दर्शनी भिंतीचे स्वतःचे वर्कशॉप काढले. जाताना ग्राहकांच्या वहीतील फोन नंबर उतरवून नेले आणि दोन वाकड्या पान्यांपैकी एक नेला. नंबरांचे मला फारसे वाटले नाही, कारण ग्राहक कोणाच्या मालकीचे नसतात. पण तो पाना जोडीचा होता. एकट्याने त्याचा उपयोग ना त्याला ना मला. तो त्याने का नेला असेल, यावर मी अजूनही विचार करतो.

त्यानंतर ऑगस्ट २०१९ आला. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या आठवड्यात ती ५५ फुटांच्या वर गेली आणि शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. नाल्याचे पाणी उलटे फिरून आमच्या शेडमध्ये शिरले, तेव्हा आत सात गाड्या होत्या. तीन आम्ही रात्रीतून बाहेर काढल्या. उरलेल्या चारांमध्ये बाईंची होती, सीटपर्यंत पाण्यात. लेथ, कॉम्प्रेसर, वेल्डिंगचा संच, सुट्या भागांच्या मांडण्या, सारे बुडाले. विमा होता, पण तो आगीचा होता. पुराचे कलम हप्ता कमी करण्यासाठी मीच सोडून दिले होते, तेही नाल्याच्या काठावर राहून.

पाणी ओसरल्यावर काय करायचे, हे ज्याने एकदा केले आहे तोच सांगू शकतो. बुडालेल्या डिझेल गाडीला चावी लावायची नाही, कारण सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही आणि कॉनरॉड, म्हणजे पिस्टनचा दांडा, वाकतो. आधी बॅटरीची वायर काढायची, मग नोझल किंवा हीटर प्लग काढून क्रँक हाताने फिरवायचा, म्हणजे पाणी भोकांतून बाहेर येते. टाकीतील डिझेल सोडायचे, इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे (मागच्या ॲक्सलवरच्या गिअरच्या पेटीचे) ऑइल काढायचे, ते दुधासारखे निघाले तर नवे भरून, थोडे फिरवून पुन्हा काढायचे. चाकांच्या बेअरिंगांतील ग्रीस धुऊन नवे भरायचे. स्टार्टर आणि डायनॅमो खोलून वाळवायचे. आमचे दोन हेल्पर, ज्यांची स्वतःची घरे पाण्यात होती, रोज सकाळी येऊन चिखलातून पाने वेचत आणि डिझेलच्या घमेल्यात धूत. एका गाडीच्या मालकाने आम्हाला न विचारता ड्रायव्हर पाठवून स्टार्टर मारला, दोन कॉनरॉड वाकले आणि दोष आमच्या माथी आला. नेमके त्याच दिवसांत त्या जुन्या भागीदाराने आमच्या वहीतील लोकांना फोन करून “ते आता बुडाले, गाडी माझ्याकडे आणा” असे सांगितले. बुडालो होतो हे खरेच होते, त्यामुळे खोटे बोलल्याचा आरोपही मला त्याच्यावर करता येत नाही.

लेथ दुरुस्त करून मी विकला. तरी भाडे, पगार आणि सुट्या भागांची उधारी यांचा मेळ बसेना. बाई चिखलातून चालत आल्या, गाडी पाहिली, आत भिजून फुगलेल्या फळ्या पाहिल्या आणि पुढील चार वर्षांच्या सर्व्हिसिंगचे पैसे चेकने आगाऊ दिले. उसने नव्हे, कामाचे. पावती फाडल्याशिवाय त्या उठल्या नाहीत. त्या पावतीची कार्बन प्रत माझ्याकडे आहे.

एका फोटोची गोष्ट त्यानंतरची. त्या जुन्या भागीदाराच्या वर्कशॉपच्या भिंतीवर बाईंच्या गाडीचा मोठा फोटो लागला, जणू ती त्यानेच घडवली. २००९ चे काम दोघांचे होते, हे मी नाकारत नाही. परंतु तो गेल्यानंतर, २०१८ च्या पावसात तिलारीकडचा एक ओढा ओलांडल्यावर तिच्या डिफरन्शियलमध्ये पाणी सापडले होते. धावून तापलेले हौसिंग (त्याचे बाहेरचे कवच) गार पाण्यात शिरले की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवेच्या छिद्रातून, सीलमधून पाणी ओढून घेते. तेव्हा आम्ही ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर, मागच्या दिव्यापर्यंत नेली. फोटोत ती नळी दिसत होती. बाईंनी त्या वर्कशॉपमध्ये जाऊन विचारले, “ही नळी कशाची?” उत्तर मिळाले, “एसीचे पाणी काढायची.” बाईंच्या गाडीत एसी नाही.

२०२० च्या टाळेबंदीत शेड बंदच होती. त्यानंतर लोकांना एकाएकी गाडीत झोपायची हौस आली, २०२१ मध्ये राज्याचे कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणही आले आणि त्याच जुलैत पुन्हा पुराचे पाणी. या वेळी मात्र हत्यारे माळ्यावर होती आणि विमा पुराचा होता. पुढची वर्षे बरी गेली.

नव्याने येणाऱ्यांना मी आधी परिवहन कार्यालयाची वाट दाखवतो, आणि काही जण त्यामुळे परत फिरतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले. मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. आसने काढून पलंग बसवला तर आरसीवर तशी नोंद हवी, अन्यथा अपघातानंतर विमा कंपनी तेच पान उघडते. दुसरी बॅटरी बसवताना फ्यूज बॅटरीच्या हातभर अंतरात असावा. गॅसचा सिलिंडर आत ठेवत असाल तर त्या कप्प्याच्या तळाला छिद्र ठेवा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खालीच साचतो. छतावर टायर, पेट्या आणि तंबू चढवून फोटो छान येतो. करूळ घाटाच्या वळणावर त्याच गाडीत बसून पाहा.

हल्ली त्या जुन्या भागीदाराच्या वर्कशॉपमधून उंच करून घेतलेल्या गाड्या आमच्याकडे येतात. पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालून गाडी उचललेली असते, त्याने मागच्या चाकांना फिरवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि काही महिन्यांत त्याच्या सांध्यातला क्रॉस खडखडू लागतो. मी कोणालाही परत पाठवत नाही. फक्त बिलावर ‘क्रॉस बदलला’ एवढेच न लिहिता ‘ठोकळे काढले, कोन पूर्ववत केला, क्रॉस बदलला’ असे तीन ओळींत लिहितो आणि प्रत्येक ओळीपुढे मजुरी वेगळी मांडतो, म्हणजे मालकाने ते बिल मागच्या दुकानात नेऊन दाखवले तर तेथे ते नीट वाचता यावे.