पलंग फिरवला ती दुपार

खुब्याचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस होता. सत्तरी ओलांडलेले चाचा कुणाशी बोलत नव्हते, जेवणाला हात लावत नव्हते. दुखतंय का विचारलं की नुसती मान हलवायचे. मी सकाळी नोंदीत 'रुग्ण सहकार्य करत नाही' असं लिहून मोकळी झाले होते. ते वाक्य मला आजही टोचतं.

दुपारी अंग पुसायला गेले तेव्हा ते बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होते. डोळ्यांना पाण्याची धार. खूप विचारल्यावर म्हणाले, "दहा झाल्या, बेटा. दहा नमाज गेले माझे."

"पडल्यापडल्या नाही चालत का, चाचा?"

त्यांनी पलंगाच्या कडेला लटकणाऱ्या लघवीच्या पिशवीकडे बोट दाखवलं. "ही लागलेली असताना मी पाक, शुद्ध कसा?"

कलमा, नमाज, रोजा, जकात, हज ही इस्लामच्या पाच स्तंभांची नावं मला शाळेपासून पाठ. पण जकात, म्हणजे ठरलेलं दान, ऐपत असेल त्यालाच, हज झेपेल त्यालाच, आणि आजाऱ्याला रोजे पुढे कधीतरी भरून काढता येतात. नमाज मात्र रोजचे पाच, माणूस भानावर आहे तोवर सुटत नाहीत. चाचांच्या छातीवरचं ओझं तेव्हा कुठे मला कळलं. औषधाच्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता.

मी त्यांच्या मुलाला मौलानांना फोन लावायला सांगितलं. मौलाना शांतपणे समजावत गेले. लघवी सतत नळीवाटे जातेय, तर तुम्ही माजूर, म्हणजे नाइलाजामुळे सवलत असलेले आहात. प्रत्येक वेळेला नवा वुजू, म्हणजे नमाजाआधीचं हातपाय-तोंड धुणं, करा आणि नमाज पढा. पट्टी आहे तिथे पाणी नको, ओला हात फिरवा. पैगंबरांनी मूळव्याधीने हैराण झालेल्या एका साथीदाराला सांगितलं होतं: उभं राहून पढ, नाही जमलं तर बसून, तेही नाही तर कुशीवर. चाचांना कूस बदलायची मनाई होती. मग उताणे पढा म्हणाले, पाय किब्ल्याकडे, म्हणजे मक्केतल्या काब्याच्या दिशेला, आणि उशी उंच, म्हणजे तोंड काब्याकडे होईल.

"काब्याकडे पाय?" चाचा दचकलेच. मौलानांनी पुन्हा समजावलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटून मान डोलावली.

मुलाने मोबाइलवर दिशा बघितली. आम्ही दोघांनी चाकांचे ब्रेक काढून पलंग फिरवला. अंगाखाली रबरी चादर घालून मी तसराळं धरलं. मनगटं, चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, शेवटी पाय. आधी उजवा, मग डावा. सलाइनची सुई टोचलेल्या हाताच्या पट्टीवरून त्यांनी स्वतःच ओली बोटं फिरवली, इतक्या हळू की जणू दुसऱ्या कुणाची जखम आहे.

जोहरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची वेळ अजून उरली होती. चार रकात, म्हणजे नमाजाची चार आवर्तनं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. रुकूला, कमरेत वाकायच्या जागी, हनुवटी थोडी खाली; सजद्याला, कपाळ जमिनीला टेकायच्या जागी, त्याहून जास्त. तेवढ्या दोन बोटांच्या फरकात त्यांचं सगळं वाकणं होतं. मी रक्तदाबाचा पट्टा हातात घेऊन थांबले. इंजेक्शनला दहा मिनिटं उशीर झाला, तो मी होऊ दिला.

नमाज संपवणारा सलाम फिरवताना त्यांचा चेहरा आधी उजवीकडे वळला, मग डावीकडे, जिथे मी उभी होते.

मी सकाळची ती ओळ खोडून सही केली. परत आले तर चाचा मुलाला विचारत होते, "असरच्या नमाजाला किती वेळ आहे? तोवर राहिलेल्यातले दोन तरी होतील." आणि मला म्हणाले, "बेटा, आधी थोडं खायला दे."