बोटांचे ठसे उमटेनात

दर शनिवारी सकाळी दहा ते साडेदहा मी आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, रेडिओवर मराठी कार्यक्रम करते. माइकसमोर बसायला मला पाच महिने लागले. त्यातले चार बोटांपायी गेले.

शाळेने रेडिओ चालवायचा, हेच मला नवल होतं. पण इथे कॅलिफोर्नियात ते जुनंच आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्कूल डिस्ट्रिक्टचं केएएलडब्ल्यू हे स्टेशन १९४१पासून सुरू आहे. आमचं मात्र चिमुकलं, १०० वॉटचं, हायस्कूलच्या बँडरूमशेजारच्या खोलीतलं. पाच-सहा किलोमीटर गेलात की नुसती खरखर. तिथल्या सरांनी दहा मिनिटांत होकार दिला, टीबी नसल्याच्या कागदावर डॉक्टरांची सही मिळाली. मुलांमध्ये वावरायचं म्हणून, आपल्या नावावर गुन्हा नाही ना हे तपासायला यंत्रावर बोटांचे ठसे द्यायचे, तेवढं लाइव्ह स्कॅन उरलं.

हे ठसे घेणाऱ्या पार्सलच्या दुकानातल्या मुलीने एकेक बोट काचेवर दाबलं, पुसलं, परत दाबलं. "बागकाम फार करता का?" म्हणाली. बागकाम कसलं, चाळीस वर्षं भांडी घासली, नारळ खवले, चिंच कोळली! रेषा राहणार कुठून?

पाच आठवडे काही नाही. डिस्ट्रिक्ट ऑफिसात फोन केला की एकच उत्तर, "अजून आलं नाही." शेवटी स्वतः जाऊन उभी राहिले, तेव्हा बाईंनी ट्रेमधून पत्र काढलं. ठसे वाचता आले नाहीत, पुन्हा द्या, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची! लाइव्ह स्कॅनच्या फॉर्मवर एटीआय नंबर, म्हणजे आपल्या अर्जाचा माग काढायचा नंबर, असतो, तो टाकून राज्याच्या न्यायखात्याच्या साइटवर आपलं कुठवर आलंय ते आपल्यालाच बघता येतं. हे मला कोणी सांगितलं असतं तर मी फोन करत बसले असते का? फॉर्मची प्रत जपून ठेवा.

दुसऱ्यांदा गेले आणि सगळे पैसे पुन्हा भरले. जुना एटीआय नंबर दिला असता तर सरकारी फी माफ होती, फक्त दुकानाचे द्यावे लागले असते. तेही नंतर कळलं. दुसऱ्यांदाही नापास. हे म्हणाले, "तू आता खुशाल चोरी कर, सापडायची नाहीस." मला हसू आलं नाही.

बाई म्हणाल्या, तिसऱ्यांदा जा. मी वाचून गेले होते: दोनदा ठसे फेटाळले गेले की एफबीआयकडून नुसत्या नावावर तपासणी करून घेता येते. पण तो अर्ज ऑफिसने करायचा असतो, आपण नाही. बाईंना हा फॉर्म माहीतच नव्हता. मी छापून नेलेला कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसले. "तुम्ही भरा, मी थांबते." भरला. इतका उद्धटपणा मी आयुष्यात केला नव्हता, पण आधीच करायला हवा होता.

साठीच्या पुढचे असाल तर ठसे द्यायच्या आधी आठवडाभर रोज रात्री हाताला क्रीम लावा, भांडी हातमोजे घालून घासा. त्या दिवशी सकाळी मात्र क्रीम नको, बोटं घसरतात.

आणि हो, कार्यक्रमात एक पथ्य असतं: मिठाईवाल्याने स्टेशनला मदत केली तर त्याचे आभार मानता येतात, पण "त्यांची चकली घ्या, स्वस्त आहे" म्हणायचं नाही. ती जाहिरात होते, आणि अशा शाळेच्या, बिगरव्यापारी स्टेशनला जाहिरात चालत नाही.

पहिल्या शनिवारी दहाच्या ठोक्याला स्टेशनची अक्षरं (केएएलडब्ल्यूसारखी, स्टेशनची ओळख) आणि लगेच, मध्ये काही न घालता, गावाचं नाव म्हणायचं होतं. मी मध्ये "नमस्कार मंडळी" घातलं. काचेपलीकडे सोळा वर्षांचा मुलगा दोन्ही हात हलवून नको-नको करत होता. म्हणून पुन्हा म्हटलं, अक्षरं, गाव, आणि मग नमस्कार मंडळी.