वकील बरा की बिझनेसवाला?

परवा मित्रांमध्ये परत तोच वाद झाला. एक म्हणे देश कंपनीसारखा चालवायला पाहिजे, चांगला धंदा केलेला माणूस आणून बसवा, सगळं सुतासारखं सरळ होतं की नाही बघा. दुसरा म्हणे अरे ज्याला कायदा वाचता येत नाही त्याला कायदे करायला बसवणार का? मी तिथे फार बोललो नाही, पण डोक्यातून विषय जाईना म्हणून आता लिहितोय.

मी बरीच वर्षं एका उद्योजकाच्या हाताखाली काम केलंय. माणूस खरंच हुशार. एकदा मीटिंगमध्ये त्यांनी एका डिपार्टमेंटचे तीन वर्षांचे आकडे बघितले, लॅपटॉप बंद केला आणि म्हणाले, "हे बंद करा." वीस मिनिटांत अकरा लोकांच्या नोकऱ्या गेल्या. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, पण कंपनी त्यामुळेच तगली हे मी आजही मान्य करतो. फक्त देशात हे कसं करणार? तोट्यातला जिल्हा बंद करता येत नाही, म्हाताऱ्या माणसांना राजीनामा द्या म्हणता येत नाही, आणि ज्यांनी तुम्हाला मत दिलं नाही ते उद्या सकाळी पण तिथेच असतात, तुमचेच नागरिक म्हणून.

अमेरिकेच्या हर्बर्ट हूव्हरचं उदाहरण मला म्हणूनच आठवतं. खाणींच्या धंद्यात पैसा कमावलेला इंजिनियर, पहिल्या महायुद्धात बेल्जियमच्या उपाशी लोकांपर्यंत अन्न पोचवायचं प्रचंड काम त्याने उभं केलं, म्हणजे माणूस निर्दय अजिबात नव्हता. पण तो राष्ट्राध्यक्ष झाला 1929 मध्ये आणि त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला. 1932 च्या उन्हाळ्यात महायुद्धात लढलेले हजारो बेकार सैनिक कबूल केलेला बोनस आत्ताच द्या म्हणून वॉशिंग्टनमध्ये तंबू ठोकून बसले, तर त्यांच्यावर लष्कर धाडलं गेलं आणि त्यांच्या झोपड्या जळाल्या. काम उरकायचं कसं हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती, पण समोर बसलेल्या चिडलेल्या माणसाशी बोलायचं कसं, तिथे गाडी अडली.

आणि दुसरी अडचण म्हणजे धंदा मागे सोडता येत नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर 1919 मध्ये म्युनिकच्या व्याख्यानात हेच सांगत होता, की वकील आपलं काम बाजूला ठेवून राजकारणात येऊ शकतो, उद्योजक मात्र आपल्या उद्योगाला बांधलेला असतो. इटलीत बर्लुस्कोनी पंतप्रधान होता तेव्हा देशातली तीन मोठी टीव्ही चॅनेल्स त्याच्या कुटुंबाच्या कंपनीची. थायलंडमध्ये धंद्यातून पंतप्रधान झालेल्या थाकसिनने गरिबांसाठी 30 बाथमध्ये दवाखान्याची योजना आणली, ते काम चांगलंच होतं, पण जानेवारी 2006 मध्ये त्याच्या कुटुंबाने टेलिकॉम कंपनीतले शेअर सुमारे 73 अब्ज बाथना विकले आणि त्यावर टॅक्स भरला नाही. लोक भडकून रस्त्यावर आले आणि सप्टेंबरमध्ये लष्कराने सत्ता घेतली. बंड चुकीचंच, पण लोकांचा राग मला समजतो.

म्हणजे वकील चांगले असं म्हणायचं का? फर्डिनांड मार्कोस बघा, फिलिपाईन्सच्या 1939 च्या बार परीक्षेत, म्हणजे वकिलीच्या परीक्षेत, पहिला आलेला माणूस. राज्यघटनेप्रमाणे दोनदाच राष्ट्राध्यक्ष होता येत होतं, दुसरी टर्म संपत आली तसा 1972 मध्ये मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा लावला, मग नवी घटना आणली, आणि 1986 पर्यंत खुर्ची सोडली नाही. प्रत्येक पावलाला कायद्याचा कागद जोडलेला! असा कायदा कोळून प्यालेला माणूस बिघडला की तो सगळ्यात घातक.

तरी माझा कल वकिलांकडेच आहे आणि त्याला कारण एक कागद आहे. माझा आणि माझ्या जुन्या पार्टनरचा पैशावरून वाद झाला होता, मी तावातावाने वकीलसाहेबांकडे गेलो, त्यांनी माझं पाच मिनिटं ऐकलं आणि एक कोरा कागद पुढे सरकवला. म्हणाले, "आधी त्यांची बाजू लिहा. ते स्वतः लिहितील तशी." मी चिडलो, पण लिहायला बसलो तर दीड पान झालं. त्यांनी वाचून विचारलं, "यातलं खरं किती?" मी म्हटलं, निम्मं. दावा दाखलच झाला नाही, दोन बैठकीत मिटलं.

गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियात वकील असताना हेच केलं होतं. त्यांचे अशील, व्यापारी दादा अब्दुल्ला यांचा 40,000 पौंडांचा दावा त्यांनी लवादापुढे नेला, 37,000 पौंड आणि खर्च मंजूर झाला, आणि जिंकल्यावर पुन्हा आपल्याच अशिलाला गळ घातली की समोरच्याचं दिवाळं निघेल, हप्त्यांनी घ्या. बाबासाहेबांचं तर काय सांगावं, घटनेच्या मसुद्यावर 7,635 दुरुस्त्या आल्या, त्यातल्या 2,473 सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या आणि तब्येत साथ देत नसताना हा माणूस उभं राहून उत्तरं देत होता, ज्यांना आयुष्यभर विरोध केला त्यांनाही. ही चिकाटी मला कुठल्याच बोर्ड मीटिंगमध्ये दिसलेली नाही.

म्हणून मी आता उमेदवाराचा धंदा बघत नाही, एकच प्रश्न विचारतो: तुमचा कट्टर विरोधक काय म्हणतो ते त्याला पटेल असं सांगा. मागच्या निवडणुकीत दोघांना विचारायची संधी मिळाली. वकील असलेले उमेदवार विरोधकांच्या चुका मोजायला लागले, थांबेचनात. दुसरे कारखानदार होते, वर्षानुवर्षं स्वतः युनियनसमोर बसून करार केलेले. ते जरा वेळ गप्प राहिले आणि मग विरोधकाचं म्हणणं इतकं नीट सांगितलं की बाजूला बसलेला विरोधी पक्षाचा कार्यकर्ता मान हलवायला लागला. मत मी त्यांना दिलं.